१७७ चं किट टाकलेल्या एलएमएल वेस्पाचा कार्बोरेटर कसा लावावा

एलएमएल वेस्पा एनव्हीच्या सिलिंडरचा मूळ बोअर (आतला व्यास) ५७.८ मि.मी. आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ५७ मि.मी., म्हणजे जेमतेम १५० सीसी. त्यावर ६३ मि.मी. बोअरचं बिडाचं किट (मोठा सिलिंडर आणि पिस्टन) चढवलं की स्ट्रोक तोच राहून १७७ सीसी होतात. कार्बोरेटर बहुतेक जण जुनाच ठेवतात, डेलॉर्टो पद्धतीचा एसआय २०/२०. ठेवायला हरकत नाही, पण त्यातले जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे) १५० साठी निवडलेले असतात. किटचे पोर्ट मोठे असतात आणि उष्णता जास्त तयार होते. दोन स्ट्रोकच्या इंजिनात जादा पेट्रोल थंडाव्याचंही काम करतं. जुन्या जेटवर गाडी सुरू होते, पळतेही छान, आणि हायवेवर पंधराव्या मिनिटाला पिस्टन धरते, म्हणजे तापलेला पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो.

खालचे आकडे रोटरी इनलेटच्या इंजिनाचे आहेत, म्हणजे जिथे फिरता क्रँकच मिश्रणाची वाट उघडतो-झाकतो. कार्बोरेटरचा डबा काढून इनलेटमध्ये डोकावल्यावर फिरत्या क्रँकची कड दिसली तर ते रोटरी. रीड व्हॉल्व्हवाल्या नंतरच्या इंजिनांना हे आकडे लावू नका.

जेटला हात लावण्याआधी

निम्म्या गाड्यांत दोष जेटचा नसतोच, कुठून तरी फुकटची हवा आत येत असते. इंजिन स्लोवर ठेवून कार्बोरेटर आणि डबा यांमधल्या पॅकिंगवर, डब्याच्या तळाशी आणि सिलिंडरच्या बुडाशी थोडा थोडा डब्ल्यूडी-४० मारा. इंजिन थंड असतानाच मारा, तापलेल्या सायलेन्सरवर उडाला तर पेटतो. फवारा लागताच इंजिनाचा आवाज बदलला तर तिथे गळती आहे. रेस देऊन सोडल्यावर इंजिन वरच्या फेऱ्यांवर लटकून राहतं आणि सावकाश खाली येतं, हीही गळतीचीच खूण. बाहेर काही सापडलं नाही तर मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील संशयित. क्लचच्या बाजूचं सील गेलं असेल तर सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइल कमी होत जातं. गळती तशीच ठेवून मोठा जेट टाकला तर गाडी आठवडाभर बरी चालेल, इतकंच.

कार्बोरेटरचे दोन बोल्ट जोर लावून आवळू नका. बूड वाकतं आणि नवं पॅकिंगही हवा धरत नाही. बूड काचेवर ठेवून बघा, डुगडुगलं तर आधी ते सपाट करून घ्या.

पेट्रोलचा प्रवाहही मोजायचा. कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा आणि कॉक एक मिनिट चालू ठेवा. टाकीत थोडंच पेट्रोल असतानाही मिनिटाला २०० मि.ली. तरी यायला हवं. कमी आलं तर कॉकची जाळी, मुडपलेली नळी आणि टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक तपासा. प्लग एनजीकेचा बी७एचएस किंवा उन्हाळ्यात लांब पल्ल्याला बी८एचएस, गॅप ०.६ मि.मी. इग्निशनचं टायमिंग किटसोबतच्या कागदावर असेल तेच ठेवा, त्याहून पुढे नेऊ नका.

आत काय काय आहे

बाइकच्या कार्बोरेटरवर शिकलेला माणूस इथे चकतो. एसआयमध्ये सुईच नाही. ‘क्लिप एक खाच खाली घे’ हा सल्ला इथे निरर्थक. चपटी स्लाइड आहे आणि दोन पितळी नळ्या, एवढाच कारभार.

फिल्टर काढला की वरून दोन पितळी डोकी दिसतात. लहान तो पायलट जेट (स्लो आणि कमी थ्रॉटलसाठी), मोठी ती मेन जेटची नळी (जास्त थ्रॉटलसाठी). मोठीला तिचं डोकं पूर्ण भरेल एवढ्या रुंद पात्याचा स्क्रूड्रायव्हर लावा, अरुंद पात्यानं खाच फाटते. फिरवण्याआधी कार्बोरेटरच्या घशात स्वच्छ फडकं कोंबा, कारण हातातून निसटलेला स्क्रू थेट क्रँकवर जातो. नळी बाहेर आली की तिचे तीन तुकडे ओढून वेगळे होतात. वरचा एअर करेक्टर (हवेचं भोक), त्यावर १६०. मधली भोकाभोकांची नळी, तिच्यावर बीई५ किंवा बीई३. तळाला मेन जेट. मेन जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, १०० म्हणजे १.०० मि.मी. काही स्वस्त जेटवर १०६ लिहिलेलं असतं आणि भोक १०० चंच निघतं. त्यामुळे सगळे जेट एकाच ठिकाणचे घ्या आणि सुई घालून भोक ‘साफ’ करू नका.

पायलटवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ४८/१६०. पहिला पेट्रोलचा, दुसरा हवेचा. दुसऱ्याला पहिल्यानं भागा: ४८/१६० ला ३.३३, ५०/१६० ला ३.२, ५५/१६० ला २.९. उत्तर जितकं लहान तितकं मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त.

सुरुवातीची मांडणी

मेन जेट ११०, नळी बीई३, करेक्टर १६०, पायलट ५०/१६०. मुद्दाम रिच. किट नवं असेल तर पहिले ५०० किमी याच मांडणीवर, अर्ध्या थ्रॉटलपर्यंतच चालवा.

आणि आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असल्यानं त्याला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला वजनानं साधारण १४.७ पट हवा लागते, ई२० ला १३.५ च्या आसपास. म्हणून त्याच जेटवर गाडी सुमारे ८ टक्के लीन होते, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात वाढतं, त्यामुळे ८ टक्के भरून काढायला व्यास ४ टक्के पुरे: १०० च्या जागी १०४. जुन्या तक्त्यांतले आकडे इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचे आहेत, तेवढी भर धरूनच ते वाचा.

टूटी ऑइल (टू-स्ट्रोकचं, पेट्रोलमध्ये मिसळायचं) लिटरला २० मि.ली., रनिंग-इनमध्ये ३० मि.ली. ‘सेफ्टीला’ म्हणून ५० टाकणारे आहेत. तेवढं तेल जेटमधून जाताना पेट्रोलचीच जागा खातं, म्हणजे मिश्रण आणखी लीन.

स्लो आणि मिक्श्चर स्क्रू

दहा मिनिटं गाडी चालवून आणा. कार्बोरेटरच्या मागच्या बाजूचा, डब्याच्या रबरी बुचामागचा तो मिक्श्चर स्क्रू. तो हलकेच टेकेपर्यंत आत घ्या (आवळला तर टोकावर चर पडतो आणि मग कधीच नीट लागत नाही), मग दीड फेरा बाहेर. वरचा स्लो स्क्रू थोडा वाढवा. आता मिक्श्चर पाव-पाव फेरा बाहेर काढत इंजिन जिथे सर्वांत जलद आणि सलग चालेल तिथे थांबा, आणि स्लो पुन्हा खाली आणा. हा स्क्रू बाहेर काढला की रिच होतं. बऱ्याच बाइकच्या एअर स्क्रूच्या अगदी उलट.

एक फेरा व्हायच्या आत इंजिन खूश झालं तर पायलट गरजेपेक्षा रिच आहे. तीनपेक्षा जास्त फेरे लागले तर लीन आहे, ५५/१६० टाका. झटकन थ्रॉटल उघडल्यावर गाडी क्षणभर ‘भक्क’ करून बसत असेल तर पाव फेरा अजून बाहेर.

मेन जेट

ग्रिपवर आणि हँडलच्या कडेवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करा. हाताचा अंदाज कायम जास्तच सांगतो.

रिकामा सपाट रस्ता, तिसरा गिअर, पूर्ण थ्रॉटल. ११० वर गाडी वरच्या फेऱ्यांना ‘बर्रर्र’ करत अडखळायला हवी. मग १०८, १०६ असे दोन-दोन आकडे उतरत जा. ज्या जेटवर अडखळणं पहिल्यांदा थांबेल त्याच्या एक पायरी वरचा जेट कायमचा ठेवा. २०/२० वर हे बहुधा १०४ ते १०८ मध्ये संपतं. एका वेळी एकच गोष्ट बदला.

खात्रीसाठी नवा प्लग लावून चौथ्या गिअरमध्ये किलोमीटरभर पूर्ण थ्रॉटल ओढा. मग एकदम इंजिन बंद, क्लच दाबलेला, गाडी घरंगळू द्या. प्लगच्या टोकाचा रंग ई२० वर फिकटच दिसतो, त्यावर विसंबू नका. चिनीमातीच्या अगदी तळाशी, आत, तपकिरी कडं दिसायला हवं. कडं नसून सगळं पांढरंफटक असेल तर दोन आकडे वर. कॉक बंद करून ‘गाडी जोरात येते का’ बघायची जुनी चाचणी या किटवर करू नका. तिनं मिश्रण नेमकं पूर्ण थ्रॉटलला लीन होतं.

पूर्ण थ्रॉटलला सगळं ठीक असूनही ५०-५५ च्या संथ वेगाला, पाव ते अर्ध्या थ्रॉटलला, गाडी हिसके देत असेल किंवा इंजिनातून किणकिण ऐकू येत असेल तर मधला पट्टा लीन आहे. नळी अजून बीई५ असेल तर बीई३ टाका, नाहीतर मेन जेट एक पायरी वर. बरीच किट याच पट्ट्यात, निवांत चालताना धरतात, कारण तेव्हा कुणी सावध नसतो. फिल्टरला मेन जेटवर ८ आणि पायलटवर ५ मि.मी.चं भोक पाडलंत तर हवा वाढते, म्हणून हा सगळा क्रम पुन्हा ११० पासून करा.

ऋतू आणि घाट

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. इथे बेताचा लावलेला जेट ताम्हिणी उतरून कोकणात गेल्यावर दाट हवेत थोडा लीन पडतो. मे महिन्यात भर दुपारी, ४० अंशांत लावलेला जेट डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांत लीन पडतो, कारण तेव्हा हवा जवळपास ९ टक्के दाट असते. वरची एक पायरी यासाठीच ठेवायची.

घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गिअरवर लोळत जाऊ नका. फेऱ्या चढलेल्या असतात आणि तेल मात्र पेट्रोलबरोबरच येतं, म्हणजे येतच नाही. दर काही सेकंदांनी थोडी रेस द्या. इंजिनाचा आवाज आवळल्यासारखा झाला आणि वेग आपोआप पडू लागला तर त्याच क्षणी क्लच दाबा आणि बाजूला थांबा. दहा-पंधरा मिनिटांनी किक सहज फिरली तर पिस्टन बहुधा वाचलेला असतो. मेन जेट एक पायरी वर टाकूनच पुढे निघा. सुटे जेट, रुंद पात्याचा स्क्रूड्रायव्हर आणि एक प्लग डिकीत असू द्या.

कागदांचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मान्यतेशिवाय करता येत नाही, आणि आरसीवर सीसी १५० च छापलेले असतात. रस्त्यावरच्या गाडीला किट टाकण्याआधी आरटीओत विचारून या.