किल्ला कुणाला, देऊळ कुणाला?

'क्रुसेडर किंग्ज २' ह्या मध्ययुगीन राजेरजवाड्यांच्या कॉम्प्युटर गेममध्ये हिंदू राजा घेऊन खेळताना मर्जीतल्या माणसाला जहागीर द्यायला जावं, तर वर्ण आडवा येतो. किल्ला क्षत्रियाचा, देऊळ ब्राह्मणाचं, शहर वैश्याचं. काल म्हापशात पाऊस कोसळत होता नि माझा अर्धा तास ह्याच घोळात गेला.

१. माणसाच्या गुणचिन्हांत आधी वर्ण बघा, कौशल्याचे आकडे मागाहून.
२. देऊळ किंवा शहर द्यायचं असेल तर दरबार चाळत बसू नका. त्या जागेच्या ढालीच्या चिन्हावर राइट क्लिक करून नवा मांडलिक तयार करा. माणूस गेमच आणून उभा करतो.

देण्याआधी सेव्ह करा (आमच्याकडे वीजही जाते). दिलेलं विनाकारण काढून घेतलंत तर जुलमी ठरता आणि बाकीचे मांडलिक बिथरतात.