टेक्नॉलॉजी मॅनेजमेंटचं ब्लॅक बुक लिहिताय? या चुका टाळा

टेक्नॉलॉजी अँड इनोव्हेशन मॅनेजमेंट घेतलेल्या मुलांच्या ब्लॅक बुकाचे, म्हणजे प्रोजेक्टच्या बांधीव अहवालाचे, सिनॉप्सिस वाचायला घेतले की शीर्षकावरूनच पुढचं बरंचसं कळतं. ब्लॉकचेन, आयओटी, एआय यांतला एखादा शब्द सुरुवातीला, मग 'चा वापर करून', आणि मुळात अडचण कोणाची आहे ते तिसऱ्या पानावर. तंत्रज्ञान आधी ठरवायचं आणि त्याला साजेशी अडचण नंतर शोधायची, ही या विषयातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. नवी मुंबईत दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत एमआयडीसी पसरलेली, पलीकडे ठाण्यात वागळे इस्टेट, वाशीला एपीएमसी. एवढं सगळं ट्रान्स-हार्बर लोकलच्या एका तिकिटात असताना मुलं घरी बसून विषय ठरवतात, याचं फार वाईट वाटतं.

रबाळ्याच्या एका गाळ्यातलं उदाहरण सविस्तर सांगण्यासारखं आहे. गाळ्यात तीन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी) मशीन, सगळं काम जॉबवर्कचं. चार जणांच्या गटाने विषय घेतला: आयओटी (इंटरनेटला जोडलेले) सेन्सर लावून मशीनचा डाउनटाइम कमी करणे. तीनही मशीनच्या मेन केबलवर करंट सेन्सर बसवले, तीन आठवडे डेटा गोळा केला, ग्राफ देखणे आले. एक मशीन दर शिफ्टला सरासरी दोन तास बंद असतं, असा आकडा निघाला. शिफारस लिहिली: प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स सिस्टिम बसवावी. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, "दोन तास बंद असतं ते कशामुळे?" चौघांपैकी एकालाही सांगता आलं नाही.

उत्तर गाळ्यातच पडून होतं. मशीनशेजारच्या टूल ट्रॉलीवर ऑपरेटरची शंभर पानी वही होती, कडा कूलंटने पिवळ्या पडलेल्या. तिच्यात रोजच्या नोंदी: 'मटेरियल नाही', 'ड्रॉइंग वर गेलंय', 'सेटिंग', 'फर्स्ट पीस ओके बाकी'. 'ब्रेकडाउन' हा शब्द तीन आठवड्यांत एकदाच आला होता. तीन मशीनना मिळून तपासणीला एकच माणूस, त्यामुळे नवा जॉब लागला की पहिला नग पास होईपर्यंत मशीन उभं. मशीन जवळजवळ बिघडतच नव्हतं, मग बिघाडाचा अंदाज सांगणाऱ्या यंत्रणेने वाचवायचं काय? त्या गाळ्याला खरी गरज होती ती मशीन चालू असतानाच पुढच्या जॉबचं टूलिंग बाहेर तयार ठेवण्याची आणि पहिला नग आधी तपासला जाईल असा क्रम लावण्याची. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी मांडलेली सेटिंगची, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन लावण्याच्या कामाची, विभागणी नेमकी हीच: मशीन थांबवूनच करावी लागणारी कामं वेगळी आणि मशीन चालू असताना उरकता येणारी वेगळी. मुलांनी ती दुसऱ्या सेमिस्टरला पाठ केली होती.

सेन्सरमध्येही गडबड होतीच. मेन केबलवर क्लॅम्प लावला की हायड्रॉलिक पंप फिरतोय तोवर मशीन 'चालू' दिसतं, मग स्पिंडल (कापताना फिरणारा दांडा) उभा का असेना. स्पिंडलच्या मोटरचा करंट वेगळा मोजावा लागतो किंवा मशीनच्या स्टॅक लाइटवरून (चालू-बंद दाखवणाऱ्या रंगीत दिव्यांवरून) सिग्नल घ्यावा लागतो. म्हणजे ते दोन तासही कमीच मोजले गेले असण्याची शक्यता होती.

आणि ओईई, म्हणजे मशीनचा एकूण परिणामकारक वापर किती टक्के ते, काढताना होणाऱ्या चुका वेगळ्याच. एकदा हाताने करून बघा. शिफ्ट ४८० मिनिटांची, जेवण-चहाची ३० वजा, नियोजित वेळ ४५०. त्यात १२० मिनिटं मशीन बंद, म्हणजे चाललं ३३०. उपलब्धता ३३० भागिले ४५०, साधारण ७३ टक्के. एका नगाची आदर्श वेळ ३ मिनिटं आणि नग निघाले ८८, म्हणजे २६४ मिनिटांचं काम ३३० मिनिटांत. परफॉर्मन्स ८० टक्के. ८८ पैकी ४ रिजेक्ट, क्वालिटी साधारण ९५.५ टक्के. तिन्हींचा गुणाकार ५६ टक्के. ताळा सोपा आहे: चांगले नग ८४, गुणिले ३ मिनिटं, २५२, भागिले ४५०, उत्तर तेच ५६. हा ताळा जुळला नाही तर बहुधा कुठेतरी वेळ दोनदा वजा झालेली असते. बहुतेक गट आदर्श वेळ म्हणून स्वतःच मोजलेली सरासरी वेळ वापरतात. मग परफॉर्मन्स आपोआप १०० च्या आसपास येतो आणि मशीन कुठे रेंगाळतं ते कधीच दिसत नाही. आदर्श वेळ प्रोग्रॅमवरून किंवा सेटरकडून घ्या.

तंत्रज्ञान आधी ठरवण्याच्या चुकीवरचा माझा उपाय साधा आहे आणि घाईत असलेल्यांना तो आवडत नाही. पहिल्या दोन भेटींना लॅपटॉप न्यायचा नाही. वहीत चार रकाने आखायचे: वेळ, मशीनवर काय चाललंय, थांबलं तर कशामुळे, पुन्हा सुरू कोणी केलं. एक अख्खी शिफ्ट उभं राहायचं आणि शिफ्ट बदलते तो अर्धा तास चुकवायचा नाही, कारण बरीचशी माहिती त्या अर्ध्या तासातल्या बोलण्यातच मिळते. साप्ताहिक सुट्टी कोणत्या दिवशी ते आधी फोन करून विचारा; एमआयडीसीत ती रविवारीच असते असं धरून चालू नका. शीर्षक तिसऱ्या भेटीनंतर लिहायचं.

सर्व्हेचंही तेच. 'असं ॲप आलं तर वापराल का?' या प्रश्नाला समोरचा हो म्हणतो, कारण हो म्हणायला पैसे पडत नाहीत. 'मागच्या वेळी हीच अडचण आली तेव्हा काय केलंत, किती वेळ गेला, कोणाला फोन केलात?' असं विचारा. एपीएमसीतला आडत्या शेतकऱ्याला पट्टीचा (विक्रीच्या हिशोबाचा) फोटो व्हॉट्सॲपवर पाठवत असेल, तर तुमच्या ॲपची स्पर्धा त्या फोटोशी आहे. भाजीपाल्याच्या बाजारात हे विचारायला दुपारी बारा वाजता जाऊ नका. तिथला खरा व्यवहार पहाटे होतो. दुपारी फक्त दमलेली माणसं भेटतील.

आता पुस्तकी चुका. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये मांडलेली, नवी गोष्ट सगळ्यांत आधी स्वीकारणाऱ्यांपासून सगळ्यांत शेवटी स्वीकारणाऱ्यांपर्यंतची विभागणी, २.५, १३.५, ३४, ३४ आणि १६ टक्के, सगळ्यांना पाठ असते. हे आकडे बाजारात मोजून आलेले नाहीत. नवी गोष्ट स्वीकारायला लागणारा वेळ घंटाकार वक्रासारखा पसरतो असं मानून, सरासरीवर, तिच्या आधी एक आणि दोन आणि तिच्या नंतर एक प्रमाण विचलनावर तो वक्र कापला की हे भाग पडतात. त्यामुळे 'ठाण्यातले २.५ टक्के लोक आमचे पहिले ग्राहक' हे वाक्य निरर्थक आहे. कोण आधी स्वीकारतं ते स्वीकारून झाल्यावरच कळतं. आणि दरीची कल्पना, म्हणजे सुरुवातीचे ग्राहक आणि बहुसंख्य ग्राहक यांच्यात पडणारी खिंड, रॉजर्सची नाही, ती जेफ्री मूर यांनी १९९१ मध्ये मांडली. दोघांना एका आकृतीत कोंबून खाली एकाचंच नाव देऊ नका.

कोडॅक. 'कोडॅकने डिजिटलकडे दुर्लक्ष केलं आणि कंपनी बुडाली' हे दर वर्षी ब्लॅक बुकांत येतं, आणि ते अर्धवट आहे. डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये कोडॅकमध्येच स्टीव्ह सॅसन यांनी बनवला. आजही बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत असते ती रंगांची जाळी कोडॅकच्याच ब्राइस बायर यांची. पुढे कंपनीने डिजिटल कॅमेरे विकलेही. अडचण पैशाच्या गणिताची होती: फिल्म आणि प्रिंटच्या पेपरवर जो नफा सुटायचा तो कॅमेरा विकून सुटत नव्हता. २०१२ च्या जानेवारीत कंपनीने दिवाळखोरी संरक्षण मागितलं ते या गणितापायी. हा भाग नीट मांडलात तर कोडॅक जरूर घ्या, नाहीतर वागळे इस्टेटमधला एखादा बंद पडलेला कारखाना अभ्यासा.

टीआरएल, म्हणजे तंत्रज्ञान वापरायला किती तयार आहे त्याची १ ते ९ पायऱ्यांची मोजपट्टी. ब्रेडबोर्डवर जोडलेलं सर्किट लॅबमध्ये चाललं तर तो टीआरएल ४. प्रत्यक्ष वापराच्या ठिकाणी प्रोटोटाइप चालवून दाखवला तर ७. मधले दोन टप्पे गाळून ७ लिहिणं म्हणजे परीक्षकांना पहिला प्रश्न आयता देणं.

बाजाराचा आकार काढताना '१४० कोटींच्या एक टक्का' लिहू नका. एका गल्लीतले गाळे मोजा, त्यातल्या किती जणांकडे ते मशीन आहे ते बघा आणि तिथून वर चढा.

पेटंटवर मात्र सविस्तर लिहायलाच हवं, कारण इथे लावलेली सवय मुलांच्या बायोडेटात आयुष्यभर राहते. 'पेटंट पब्लिश झालं' म्हणजे पेटंट मिळालं नव्हे. भारतात अर्ज केल्यापासून साधारण १८ महिन्यांनी तो आपोआप प्रकाशित होतो. फॉर्म ९ भरून शुल्क दिलं तर त्याआधीही होतो. तोपर्यंत पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाने अर्ज तपासलेला नसतो. तपासणीसाठी फॉर्म १८ वेगळा द्यावा लागतो, मग पहिला तपासणी अहवाल येतो, त्यातल्या आक्षेपांना उत्तरं द्यावी लागतात, आणि त्यातून तरलं तर पेटंट. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. प्रकाशित अर्जाला पेटंट म्हणणं ही दिशाभूल आहे, मग ती गाइडच्या सांगण्यावरून का केलेली असेना. डिझाइन नोंदणी तर वेगळ्याच कायद्याखाली होते. ती वस्तूच्या दिसण्याला संरक्षण देते, चालण्याला नाही.

दुसरी चूक क्रमाची. कॉलेजच्या टेकफेस्टला पोस्टर लावायचं, व्हिडिओ टाकायचा आणि मग पेटंटचं बघायचं. उघड झालेली कल्पना कायद्याच्या नजरेत नवी राहत नाही. भारतीय कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेत वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरती. टेकफेस्ट त्यात बसेल असं धरू नका. आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करा, मग पोस्टर. पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात, आणि ते चुकलं तर अर्ज सोडून दिला असं मानलं जातं. निव्वळ ॲप किंवा अल्गोरिदम असेल तर पेटंट कायद्याच्या कलम ३ चं 'के' उपकलम, ३(k), वाचा. 'कॉम्प्युटर प्रोग्रॅम पर से' (निव्वळ प्रोग्रॅम म्हणून) आणि बिझनेस मेथड त्यातच वगळल्या आहेत.

शोध घेताना गूगल पेटंट्सवर दोन शब्द टाकून 'असं काही सापडलं नाही' लिहिणारे खूप. अर्जात मशीनला 'मशीन' म्हटलेलं असेलच असं नाही. सापडलेल्या जवळच्या दोन-तीन पेटंटचा वर्गीकरण क्रमांक उचला आणि त्या क्रमांकाने एस्पेसनेटवर (युरोपियन पेटंट कार्यालयाच्या शोधसाइटवर) आणि भारतीय पेटंट कार्यालयाच्या साइटवर पुन्हा शोधा. अनेक मशीनवर एकत्र देखरेख ठेवणारी यंत्रणा असेल तर जी०५बी १९/४१८ पासून सुरुवात करा. मग प्रत्येक जवळच्या पेटंटचा पहिला क्लेम (कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारा दावा) मराठीत स्वतःच्या शब्दांत लिहा आणि त्यातला कोणता घटक तुमच्याकडे नाही किंवा वेगळा आहे ते शेजारी मांडा. पंधरा पेटंटना दोन संध्याकाळी जातात. ॲब्स्ट्रॅक्ट वाचून हे काम होत नाही. हक्क क्लेममध्ये असतो.

शेवटी गाळ्यातली एक गोष्ट. अहवालासाठी फोटो काढताना मशीनवर क्लिपने लावलेलं ड्रॉइंग फ्रेममध्ये येतं, आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात ग्राहकाचं नाव आणि पार्ट नंबर असतो. फोटो काढण्याआधी तो कोपरा कागदाने झाका आणि छापण्यापूर्वी मालकाला पानं दाखवा.