हलक्या विमानासाठी औद्योगिक इंजिन निवडताना

अमेरिकेत अतिहलक्या (अल्ट्रालाइट) विमानांसाठीच्या भाग 103 या नियमाखाली इंजिन असलेल्या एकआसनी विमानाचे रिकामे वजन 254 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 115 किलोंच्या आत ठेवावे लागते. त्यामुळे जनरेटर किंवा गवतकापणी यंत्राचे दोन सिलिंडरचे स्वस्त इंजिन घेताना केवळ स्टिकरवरची हॉर्सपॉवर पाहणाऱ्याची फसगत होते.

1. इंजिन आडव्या शाफ्टचेच घ्यावे, कारण उभ्या शाफ्टच्या इंजिनाची तेलव्यवस्था आडवे ठेवून चालवण्यासाठी केलेली नसते.

2. सायलेन्सर, प्रोपेलरचा हब, माउंट आणि तेल यांसह ते काट्यावर ठेवावे. माहितीपत्रकातल्या कोरड्या वजनावर भिस्त ठेवू नये.

3. प्रोपेलरच्या टोकाचा वेग काढण्यासाठी त्याचा व्यास मीटरमध्ये घेऊन 3.14 ने आणि मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे व 60 ने भागावे. 1.3 मीटर व्यास आणि 3600 फेरे धरल्यास टोकाचा वेग सेकंदाला सुमारे 245 मीटर येतो, तो चालतो. याहून फार वर गेल्यास आवाज वाढतो आणि ओढ घटते. त्याच फेऱ्यांना मिळणारी शक्ती इंजिनाच्या माहितीपत्रकातल्या आलेखावरून वाचावी.

4. शाफ्ट हाताने पुढेमागे हलवून पाहावा. प्रोपेलरची ओढ पेलणारे बेअरिंग नसल्यास ते वेगळे बसवावे लागते.

गव्हर्नर, म्हणजे फेरे मर्यादेत ठेवणारा भाग, काढून फेरे वाढवण्याचा मोह मात्र टाळावा. मूळचे ओतीव फ्लायव्हील आणि ॲल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड त्या वेगासाठी बनवलेले नसतात.