आमवात असताना दात-हिरड्या दुखल्या तर

मिरज हे दवाखान्यांचं गाव, आणि माझी खानावळ पेशंटच्या नातेवाइकांवरच चालते. मला स्वतःला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपण आमवात म्हणतो तो, बऱ्याच वर्षांपासून आहे. माझी बोटं पाहिली की जेवायला आलेल्या बाया आपसूक बोलायला लागतात आणि हमखास एक प्रश्न येतो: "ताई, दातही याच्यामुळेच दुखतात का हो?"

कधी हो, कधी नाही. म्हणून गोळी घेण्याआधी आणि दाढ उपटायला सांगण्याआधी दुखणं नेमकं कुठलं ते ओळखायचं.

सकाळी उठल्यावर तोंड पुरतं उघडत नाही, कानाच्या पुढे दुखतं, चावताना कट्-कट् वाजतं, आणि दहा वाजेपर्यंत जरा सैल होतं? मग बहुतेक वेळा तो दात नसतो, जबड्याचा सांधा असतो. बोटांचे सांधे सुजतात तसा हाही सुजतो, पण ठणका दाढेत जातो आणि माणूस दाढेवर संशय घेतो. निरोगी दाढ काढून तो थांबत नाही. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं शेका, काही दिवस मुगाची खिचडी, मऊ भात, आमटीत कुस्करलेली भाकरी खा, सुपारी आणि ऊस बंद करा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. आणि हे सांध्याच्या डॉक्टरांना सांगा, कारण जबडा दुखतोय म्हणजे आजार पुरता आटोक्यात नसण्याची शक्यता असते.

गालाच्या आत, जिभेच्या कडेला फोड असतील तर ते 'तोंड येणं'. आपल्याकडे लगेच उष्णता झाली म्हणतात आणि गुलकंद पुढे करतात. गुलकंद खा हो, पण आमवातासाठी देतात ती मेथोट्रेक्सेट चालू असेल तर आधी त्या गोळीकडे बघा. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेततं, आणि तोंडभर फोड ही त्याची एक खूण आहे. माझ्या पाकिटावर मार्करनं 'सोमवार' लिहिलंय, घरातल्या कुणालाही दिसेल असं. सोबतची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी जागच्या जागी पडून असेल तर एकदा-दुसऱ्यांदा तोंड येण्याचं कारण तिथेच सापडतं. फोड खूप असतील, घशात उतरले असतील, ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. ते रक्ततपासणी करायला सांगतील. तोवर तिखट बंद. फेस कमी होणारी साधी पेस्ट वापरली की चरचर कमी होते.

तिसरं, कोरडं तोंड. पाण्याच्या घोटाशिवाय भाकरी उतरत नाही, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. आमवातासोबत काहींना श्योग्रेन नावाचा त्रास होतो, त्यात लाळ आटते. लाळ नसली की दाताच्या मुळाशी, हिरडीला लागून कीड धरते, आणि थंड-गरम लागलं की कळ जाते. पाण्याची बाटली जवळ ठेवा. तोंड ओलं राहावं म्हणून खडीसाखर किंवा लिंबाची फोड चघळू नका. पहिलीनं कीड वाढते, दुसरीनं दात झिजतात.

आता हिरड्या. माझं सगळ्यात जास्त बोलणं यावरच असतं, कारण हिरड्या गपचूप खराब होतात. ब्रशला रक्त, तोंडाला वास, दात हलायला लागणं, आणि दुखायला लागतं ते शेवटी. आमवात आणि हिरड्यांचा आजार पुष्कळदा जोडीनं असतात. हिरड्यांत वाढणारा पॉर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जंतू शरीरातल्या प्रथिनांत असा बदल करतो, की त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ शकतात. आमवातासाठी आपल्या रक्ताची अँटी-सीसीपी तपासणी करतात, ती शोधते त्या याच जातीच्या. एकामुळे दुसरा होतोच असं कुणी छातीठोकपणे म्हणू नये, पण हिरड्या सांभाळायला एवढं कारण पुरे.

आणि सांभाळायच्या कशा, जेव्हा मूठच वळत नाही? बारीक दांडीचा ब्रश आपल्या कामाचा नाही. सायकलच्या दुकानात हँडलची रबरी मूठ मिळते, ती ब्रशच्या दांडीवर चढवा. सैल बसली तर आधी फडकं गुंडाळा. ब्रश मऊ केसांचा. जमत असेल तर बॅटरीवरचा घ्या, त्याची दांडी मुळातच जाड असते आणि मनगट फिरवावं लागत नाही. दोऱ्यानं दात साफ करणं आपल्या बोटांना जमत नाही. दातांच्या फटीत घालायचे छोटे ब्रश मिळतात, ते सोपे. आणि उठल्या उठल्या घासलंच पाहिजे असा नियम नाही. चहा होऊ द्या, बोटं सुटू द्या, मग घासा. रात्रीचं मात्र चुकवू नका.

मशेरी लावणाऱ्या बायांना माझं सांगणं थोडं कडक असतं. मशेरीनं दुखणं दबल्यासारखं वाटतं, पण ती जाळलेली तंबाखू आहे, हिरड्यांना खाते. लवंगेचं तेल लावायचंच तर कापसावर एक थेंब, किडलेल्या दातावर. हिरडीला लागलं तर भाजतं. कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा कुणालाही चालतात. स्केलिंगनं, म्हणजे डॉक्टरांकडून दातांवरचं किटण काढून घेतल्यानं, दात हलतात हा समज सोडा. किटण निघालं की आधीच झालेली फट उघडी दिसते, इतकंच.

दातांच्या डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घाला. मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड, टोफॅसिटिनिब, स्टेरॉइड, बायॉलॉजिक इंजेक्शन, सगळं. हाडं ठिसूळ झाली म्हणून अ‍ॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक किंवा डेनोसुमॅब घेतलं असेल तर ते सगळ्यात आधी सांगा, कारण दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. ते औषध सुरू व्हायचं असेल तर दातांची कामं आधी उरका. कुठलं औषध किती दिवस थांबवायचं हे सांध्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं. स्टेरॉइड तर मनानं कधीच बंद करायचं नाही.

सांध्यांसाठी वेदनाशामक आधीच चालू असेल तर दातासाठी त्याच जातीची दुसरी गोळी त्यावर घेऊ नका, पोट आणि किडनी दोन्ही धोक्यात. मेडिकलवाल्याकडून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. मेथोट्रेक्सेटबरोबर कोट्रायमोक्सॅझोल हे अँटिबायोटिक घेतलं तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात.

वेळ अकरानंतरची मागा, सांधे सैल असतात. मान दुखत असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील तर खुर्चीत मान मागे ताणू देऊ नका, मानेखाली टॉवेलची गुंडाळी मागा. मध्ये मध्ये तोंड मिटू द्या म्हणून आधीच सांगून ठेवा.

गाल किंवा जबड्याखाली सूज, गिळताना त्रास, तोंड न उघडणं, ताप, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा. आणि ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. आमवाताच्या काही औषधांनी ताप दबलेला राहतो आणि पू मात्र आत वाढत असतो.