रक्तस्राव दिसला की ट्रॅनेक्सामिक? संशोधनाचा आधार घेताना या चुका टाळा

रात्री दोनचा सुमार. पन्नाशीतला माणूस, दारूने यकृत गेलेलं, रक्ताच्या दोन मोठ्या उलट्या झालेल्या. मी पोचेपर्यंत बॉन्डवर (सक्तीच्या सरकारी सेवेवर) आलेल्या नव्या मेडिकल ऑफिसरने ट्रॅनेक्सामिक ॲसिड या रक्तस्राव रोखायच्या औषधाचा एक ग्रॅम देऊन दुसरा सलाइनमध्ये लावला होता. का दिलंस, असं विचारलं तर उत्तर तयार: "सर, वीस हजार पेशंटची ट्रायल आहे."

ट्रायल, म्हणजे रुग्णांवर औषध आजमावणारा अभ्यास, आहेच. पण ती अपघातात जखमी झालेल्यांची.

पोरगा वाचणाऱ्यांपैकी होता, म्हणून जास्त वाईट वाटलं. त्याला उत्तर पाठ होतं, प्रश्न कुठला होता ते विसरला होता. पुराव्यावर आधारलेल्या उपचारांतल्या बऱ्याच चुका याच खोडीतून निघतात. गंमत अशी की ट्रॅनेक्सामिक हे एकच स्वस्त औषध हाताशी धरलं तरी त्यातल्या बहुतेक चुका दाखवता येतात.

एका आजाराचं उत्तर दुसऱ्याला लावणं

हे औषध जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोटो या दाम्पत्याने 1962 साली जगापुढे आणलं. ते रक्ताची गुठळी तयार करत नाही. झालेली गुठळी विरघळू देत नाही, एवढंच त्याचं काम. 2010 साली क्रॅश-2 ट्रायलने 20,211 जखमींवर दाखवलं की हे दिल्याने सगळ्या कारणांचे मिळून मृत्यू 16 टक्क्यांवरून 14.5 टक्क्यांवर येतात. लगेच तर्क लढवला गेला: रक्तस्राव तो रक्तस्राव, मग पोटातला का नाही?

तर्काला जोडही होती. जठर-आतड्यांतल्या रक्तस्रावावरच्या सात छोट्या ट्रायल एकत्र करून केलेल्या मेटा-ॲनालिसिसमध्ये मृत्यू सुमारे 40 टक्क्यांनी कमी दिसत होते. आपल्याकडे मेटा-ॲनालिसिस म्हटलं की हात जोडायची पद्धत आहे. पण सात कच्च्या विटा रचल्या म्हणून भिंत पक्की होत नाही. 2020 साली हॉल्ट-इट ही ट्रायल आली, अशाच पोटातल्या रक्तस्रावाच्या 12,009 रुग्णांची. पाच दिवसांत रक्तस्रावाने झालेले मृत्यू औषध घेतलेल्यांत 222, प्लासिबो (दिसायला तसंच, पण औषध नसलेलं) घेतलेल्यांत 226. म्हणजे फायदा शून्य. शिरांमध्ये गुठळ्या होण्याचं प्रमाण मात्र 0.4 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर गेलं, आणि फिट येण्याचं प्रमाणही वाढलं.

मागे वळून पाहिलं तर कारण दिसतं. यकृत खराब झालेल्या माणसाच्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटतात त्या आतल्या दाबामुळे, आणि हे औषध तो दाब उतरवत नाही. त्या रात्री आम्ही सलाइनची बाटली काढली, तो दाब उतरवणारं ऑक्ट्रिओटाइड आणि ॲंटिबायोटिक सुरू केलं आणि एन्डोस्कोपीची सोय असलेल्या ठिकाणी पाठवलं.

स्वतःला विचारायचा प्रश्न साधा आहे: माझा हा पेशंट त्या ट्रायलमध्ये घेतला गेला असता का? उत्तर ॲब्स्ट्रॅक्टमध्ये (शोधनिबंधाच्या सारांशात) मिळत नाही, त्यासाठी कुणाला घेतलं आणि कुणाला वगळलं हा परिच्छेद उघडावाच लागतो. अर्थात प्रत्येक बारीक फरकावर अडून बसू नका. पेशंट आपल्या तालुक्यातला नव्हता म्हणून ट्रायल लागू नाही, असं म्हणणं हा आळसच. ज्या फरकामुळे औषधाचं काम बदलेल, तोच फरक मोजायचा.

घड्याळाकडे न बघणं

ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते, आणि सगळ्यात जास्त छळते. क्रॅश-2 मध्ये दुखापतीनंतर तासाभरात औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने मृत्यू 5.3 टक्के होते, प्लासिबोत 7.7. तीन तासांनंतर चित्र उलटलं: औषध घेतलेल्यांत 4.4, प्लासिबोत 3.1. तेच औषध, तोच डोस, फक्त काटा पुढे सरकलेला.

उपगटांचे आकडे सहसा संशयाने बघावेत. हजारो रुग्णांना वयाने, वजनाने, राशीने विभागत बसलं की कुठेतरी फायदा "सापडतो"च. मग या उपगटावर विश्वास का ठेवायचा? कारण वेळेचा विचार आधीपासून ठरलेला होता, शरीरातल्या प्रक्रियेशी तो जुळतो, आणि दुसऱ्या मोठ्या ट्रायलमध्ये तसंच दिसलं. ती ट्रायल म्हणजे 2017 ची वूमन, बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव झालेल्या 20,060 बायकांची. दोन्ही ट्रायलचे 40,138 रुग्ण एकत्र घेऊन 2018 साली हिशेब मांडला गेला तेव्हा दिसलं की दर 15 मिनिटांच्या उशिराला फायदा सुमारे 10 टक्क्यांनी घटतो आणि तीन तासांनंतर उरतच नाही.

आता हे आपल्या रस्त्यावर आणून बघा. बाळंतपण उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, रक्त थांबेना म्हणून 108 ला फोन, गाडी येणार, ग्रामीण रुग्णालय, तिथे रक्तपेढी नाही म्हणून पुढे जिल्ह्याला. "औषध जिल्ह्याला देतील" असं म्हणणाऱ्याने पुरावा वाचून वाया घालवला. जागतिक आरोग्य संघटनेची 2017 ची शिफारस स्पष्ट आहे: बाळंतपणापासून तीन तासांच्या आत एक ग्रॅम शिरेतून, दहा मिनिटांत, सावकाश. अर्ध्या तासानंतरही रक्त जातच असेल किंवा 24 तासांत पुन्हा सुरू झालं तर दुसरा. ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचन पावायचं औषध) वगैरे नेहमीचे उपाय चालू असतानाच हे द्यायचं, ते थकल्यावर नव्हे.

आमच्याकडे याचा इलाज अगदी बिनखर्चाचा निघाला. रेफर चिठ्ठीवर दोन ओळी सक्तीच्या केल्या: बाळ जन्माला आल्याची वेळ आणि ट्रॅनेक्सामिक दिल्याची वेळ. आधी बहुतेक चिठ्ठ्यांवर "पीपीएच, रेफर्ड" (बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव, पुढे पाठवलं) एवढंच असायचं, आणि पुढच्याने घड्याळ कुठून मोजायचं हे त्याच्या नशिबावर.

जाता जाता: ट्रॅनेक्सामिकची ॲम्प्युल आणि स्पायनलसाठीची (पाठीतून देतात त्या भुलीची) बुपिव्हाकेनची ॲम्प्युल शेजारी ठेवू नका. चुकून पाठीच्या कण्यात गेल्याने जगभरात माणसं दगावली आहेत. तिथे कुठलीही ट्रायल वाचवत नाही.

उपचार चालला, म्हणून प्रतिबंधही चालेल असं धरणं

रक्त जायला लागल्यावर उपयोग होतो, तर ॲनिमिया असलेल्या बाईला आधीच देऊन टाकू. ऐकायला पटतं. वूमन-2 मध्ये हिमोग्लोबिन 10 च्या खाली असलेल्या 15,068 बायकांना बाळंतपणानंतर लगेच औषध किंवा प्लासिबो दिलं गेलं. अतिरक्तस्राव औषधगटात 7 टक्के, प्लासिबोत 6.6. म्हणजे काहीच हाती लागलं नाही. ॲनिमियाचा इलाज गरोदरपणात लोह देऊनच करावा लागतो.

टक्क्यांना भुलणं

एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) येतो, चकचकीत कागद पुढे करतो: "सर, 19 टक्के रिडक्शन." विचारा, कशाच्या 19 टक्के? रक्तस्रावाने होणारे मृत्यू क्रॅश-2 मध्ये 15 टक्क्यांनी घटले, वूमनमध्ये 19 टक्क्यांनी. यावरून बाळंतिणींना जास्त फायदा झाला असं वाटेल. प्रत्यक्षात जखमींत मृत्यू 5.7 वरून 4.9 टक्क्यांवर आले, बाळंतिणींत 1.9 वरून 1.5 वर. म्हणजे असा एक मृत्यू टाळायला सुमारे 120 जखमींना औषध द्यावं लागतं, बाळंतिणी मात्र 270 च्या घरात. औषध स्वस्त आणि त्या गटांत बऱ्यापैकी सुरक्षित, म्हणून 270 देखील परवडतात. महागड्या औषधाला हाच हिशेब लावल्यावर विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

त्याच वूमनची दुसरी बाजूही सांगायला हवी. मृत्यू किंवा गर्भाशय काढावं लागणं, या एकत्रित मुख्य निष्कर्षात फरक पडला नव्हता (5.3 विरुद्ध 5.5 टक्के). निष्कर्षाच्या शेवटच्या ओळीवरून गाइडलाइन पाठ करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं.

"काही साइड इफेक्ट दिसला नाही" याचा अर्थ

वांगावर हल्ली ट्रॅनेक्सामिकच्या गोळ्या सर्रास लिहिल्या जातात. काही जणींना फरक पडतोही. पण शंभर जणींच्या अभ्यासात एकीलाही गुठळी झाली नाही, तर सिद्ध काय झालं? ढोबळ नियम असा: न घडलेल्या घटनेचा धोका जास्तीत जास्त तीन भागिले रुग्णसंख्या इतका असू शकतो. शंभरात शून्य म्हणजे खरा धोका तीन टक्क्यांपर्यंतही असू शकेल. म्हणून गोळी लिहिण्याआधी पायात गुठळी कधी झाली होती का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, हे विचारायला दोन मिनिटं घाला. चेहऱ्यावरच्या डागासाठी आपण किती जोखीम घेतो आहोत, हे तिलाही कळू द्या.

पेशंटला न विचारणं

पाळीत फार रक्त जातं म्हणून आलेली एक बाई. ट्रायलच्या भाषेत मिलीलिटर मोजले तर हॉर्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी गर्भाशयातली साधनं सरस ठरतात, आणि मी तेच सुचवलं. त्याने पाळी पुष्कळदा जवळजवळ थांबते, हेही सांगितलं. ती म्हणाली, "नको डॉक्टर, थांबली की अंगात साठतं असं सासूबाई म्हणतात. मला फक्त ते चार दिवस शेतात जाता आलं पाहिजे." साठत नाही, हे मी समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि तरीही गोळ्याच मागितल्या. ट्रॅनेक्सामिकने पाळीतला स्राव बराच कमी होतो, याला चांगला पुरावा आहे. गुठळीचा इतिहास नव्हता. पाळीच्या दिवसांपुरत्या गोळ्या, सोबत लोह, आणि तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन बघून पुन्हा बोलायचं, असं आम्ही ठरवलं.