इंडक्शनमध्ये कंस सोडवायची घाई नको

इंदूरला रामबागेत आमच्याकडे भाची गणिताची वही घेऊन येते. इंडक्शन म्हणजे एखादं सूत्र १, २, ३… अशा सगळ्या संख्यांसाठी खरं आहे हे पायरीपायरीनं सिद्ध करायची रीत. तिच्या पहिल्या दोन पायऱ्या भाची झोपेतही लिहील: १ साठी खरं आहे, क साठी खरं मानू. (तिची हिंदी माध्यमातली मैत्रीण यालाच ‘गणितीय आगमन’ म्हणते.) गाडी अडते तिसऱ्या पायरीवर, म्हणजे त्यावरून क+१ साठीही खरं आहे हे दाखवताना, आणि तिथं दुखणं इंडक्शनचं नसतंच, अवयव पाडण्याचं असतं.

मिठाईवाल्याकडचा लाडवांचा चौकोनी मनोरा घ्या. वर १, खाली ४, मग ९, मग १६. चार थरांचे ३० लाडू. क थरांचे क(क+१)(२क+१)/६ होतात, हे सिद्ध करायचंय.

आधी पोहोचायचं कुठे ते समासात लिहा. सूत्रात क च्या जागी क+१ घातलं की मिळतं:

(क+१)(क+२)(२क+३)/६

“मामा, उत्तर आधीच लिहिलं तर चीटिंग नाही का?” नाही. ते गृहीत धरून पुढे गेलीस तर चीटिंग. समासात ते नुसतं दिशा दाखवायला आहे.

आता एक थर वाढवा:

क(क+१)(२क+१)/६ + (क+१)²

इथं भाची हमखास सगळे कंस सोडवते. वर २क³+९क²+१३क+६ येतं, आणि मग घनपदीचे अवयव शोधत बसते. चूक काहीच नाही, पण (क+१) आयता हातात होता, तो आपणच विस्कटला. त्यापेक्षा छेद सारखा करा, म्हणजे दुसरं पद ६(क+१)²/६ होईल, आणि (क+१)/६ कॉमन घ्या:

(क+१)/६ × [क(२क+१) + ६(क+१)]

समासात (क+१) आणि ६ दोन्ही आहेत, म्हणून हेच बाहेर काढायचं. आता फक्त चौकोनी कंस सोडवा: २क²+७क+६. ७क ची फोड ४क+३क. २क(क+२)+३(क+२), म्हणजे (क+२)(२क+३). समासाशी जुळलं.

वर्गातून एक (क+१) बाहेर गेला तरी एक आत उरतो, हे मात्र भले भले विसरतात. मग आत क(२क+१)+६ राहतं आणि काही केल्या अवयव पडत नाहीत. असं झालं की फोड बदलत बसू नका, क = १ घालून पाहा. आत यायला हवेत १५ (३ × ५), आणि येतात ९. म्हणजे चूक वरच्या ओळीत.

भागाकाराच्या गणितांत कॉमन काही दिसत नाही, तिथं गृहीतक मुद्दाम ओढून आणावं लागतं. ७ चा क वा घात उणे १ याला ६ नं भाग जातो असं मानलंय. पुढचा घात ७ पट. तेव्हा नवी राशी = ७ × (जुनी राशी) + ६. जुनीला ६ नं भाग जातो, उरलेल्या ६ लाही जातो. एका ओळीत संपलं, एकही कंस न सोडवता.