सायकलवर गाणी ऐकायला इअरबड घेताय? या चुका टाळा

घरात सोफ्यावर बसून इअरबड ऐकायचे, बेस दणकट वाटला की ऑर्डर टाकायची, ही बहुतेकांची खरेदीची पद्धत. मग पहिल्या रविवारच्या राइडला एकेक गोष्ट उघडी पडते. पंचविसाच्या वेगाला तो बेस वाऱ्यात विरून जातो, हेल्मेटचा पट्टा घासून गाणी आपोआप बदलतात आणि मागून आलेली बस खांद्याशी येईपर्यंत पत्ता लागत नाही. सायकलसाठी इअरबड निवडताना आधी एवढंच बघायचं: हे घातल्यावर रस्ता किती ऐकू येतो? आवाजाचा दर्जा, बॅटरी, रंग हे सगळं त्यानंतर.

चूक १: कान बुजवणारे बड रस्त्यावर घालणं

सिलिकॉनचं टोक कानाच्या नळीत घट्ट बसवायचे बड काहीही वाजत नसतानासुद्धा बाहेरचा आवाज अडवतात. त्यातही उंच पट्टीचे आवाज जास्त अडतात: टायरची सरसर, मागच्या सायकलच्या फ्रीव्हीलची टिकटिक, लहान घंटी. डिझेलच्या एसटीची घरघर खालच्या पट्टीतली, ती टोकातूनही पोचते. पण आता पुण्या-मुंबईत इलेक्ट्रिक बस आणि इलेक्ट्रिक स्कूटर भरपूर झाल्या आहेत. त्या जवळ आल्याचं कळतं ते मुख्यतः टायरच्या आवाजावरून, आणि नेमका तोच आवाज हे बड गिळतात.

रस्त्यासाठी कान उघडा ठेवणारे प्रकार आहेत. बोन कंडक्शनमध्ये कानाच्या पुढच्या हाडावर टेकलेली छोटी पेटी कंप पावते आणि तो कंप कवटीच्या हाडातून आतल्या कानापर्यंत जातो. दुसरा प्रकार कानावर आकडा अडकवून नळीच्या तोंडाशी छोटा स्पीकर धरतो. तिसरा कानाच्या पाळीला चिमट्यासारखा बसतो. निवेदन, पॉडकास्ट आणि गायकी ऐकणाऱ्याला बोन कंडक्शन पुरतं. ढोलकी, तबल्याचा डग्गा, बेस गिटार त्यात पातळ वाजतात, आणि आवाज वाढवला की गालाच्या हाडावर गुदगुल्या होतात. संगीतच मुख्य असेल तर आकडेवाले उघडे बड बरे.

स्वस्तात 'बोन कंडक्शन' म्हणून विकले जाणारे बरेच हेडफोन प्रत्यक्षात साधे छोटे स्पीकर असतात. ओळखायची सोपी युक्ती आहे. गाणं चालू ठेवून दोन्ही कानांत बोटं घाला. खरं बोन कंडक्शन असेल तर आवाज वाढतो आणि भरदार होतो. बोटं घातल्यावर आवाज दबला, तर तो हवेतून येणारा आवाज आहे. तसा हेडफोन वाईटच असतो असं नाही, पण बोन कंडक्शनचे पैसे त्याला कशाला द्यायचे?

चूक २: 'ट्रान्सपरन्सी मोड आहे ना, मग झालं'

दुकानदार हमखास हे सांगतो. ट्रान्सपरन्सी किंवा ॲम्बियंट मोडमध्ये बडच्या बाहेरचा मायक्रोफोन आजूबाजूचा आवाज टिपून आत वाजवतो. चालताना ते उत्तम चालतं. सायकलवर मात्र मायक्रोफोनच्या भोकावरून वारा जाताना भोवरे तयार होतात, त्यांचा दाब मायक्रोफोनला आवाजच वाटतो, आणि ती खरखर तुमच्या कानात वाढवून सोडली जाते. काही बडमध्ये वारा ओळखून तो आवाज कमी करण्याची सोय असते, पण त्यासाठी बाहेरच्या मायक्रोफोनचाच आवाज कमी करावा लागतो. म्हणजे ज्याच्यासाठी मोड लावला तेच कमी होतं. सिग्नल-टू-सिग्नल हळू जाणाऱ्याला हा मोड उपयोगी पडेल, घाट उतरताना त्याचा भरवसा धरू नका.

नॉइज कॅन्सलेशन तर रस्त्यावर सरळ बंद. ते खालच्या पट्टीचे आवाज पुसतं, म्हणजे ट्रक-बसची घरघरही पुसतं, आणि जोराच्या वाऱ्यात उलट धडधड ऐकवतं. ॲपमध्ये जाऊन बड लांब दाबण्याची क्रिया 'कॅन्सलेशन बंद – ट्रान्सपरन्सी' एवढ्याच दोन पायऱ्यांत फिरेल असं करून ठेवा, नाहीतर ग्लोव्ह्जच्या बोटाने चुकून ते चालू होतं.

घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, सायकल चालवणाऱ्यांनी मात्र घट्ट बसणारे, कॅन्सलेशनवाले बड खुशाल वापरावेत. पंखा आणि ट्रेनर दोघांचा आवाज त्यात जातो. तिथली अडचण घामाची, तिच्याकडे पुढे येऊच.

चूक ३: वाऱ्यावर मात करायला आवाज आणि बेस वाढवणं

कानावरून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीत असतो आणि वेग वाढला की तो फार झपाट्याने वाढतो. त्यामुळे बेस वाढवणं म्हणजे जिथे गोंगाट सर्वात जास्त तिथेच भांडत बसणं. इक्वलायझरमध्ये (आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करायची सोय) उलटं करा: २०० हर्ट्झच्या खालचे पट्टे ३ डेसिबलने उतरवा आणि २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपासचे २-३ डेसिबलने चढवा. शब्द स्पष्ट होतात, एकूण आवाज एक-दोन पायऱ्या खाली आणता येतो.

किती वेळ किती मोठ्याने ऐकायचं याचं गणित ठरलेलं आहे. कामाच्या जागी वापरल्या जाणाऱ्या प्रचलित मोजमापानुसार ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला फक्त १. जागतिक आरोग्य संघटनेची संगीतासाठीची शिफारस याहून कडक आहे: ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास. शिवाय वारा स्वतःच कानावर भार टाकत असतो. बोन कंडक्शनने कानाला काही होत नाही हा समज चुकीचा आहे. पडदा वगळला जातो, पण कंप शेवटी त्याच आतल्या कानात जातो.

आवाज लावायची पद्धत अशी. सायकलवर बसण्याआधी रस्त्याकडेला उभं राहून आवाज लावा, दोन मीटरवरचा माणूस साध्या आवाजात बोललेला समजला पाहिजे. मग राइड संपेपर्यंत तो वाढवायचा नाही. वेगात गाणं ऐकू आलं नाही तर नाही, उतार संपला की पुन्हा येईल. आयफोनमध्ये 'हेडफोन सेफ्टी' खाली 'रिड्यूस लाउड ऑडिओ' चालू करून कमाल डेसिबल ठरवता येतात. काही अँड्रॉइड फोनमध्येही आवाजाच्या सेटिंगमध्ये व्हॉल्यूम लिमिट सापडते.

चूक ४: 'वॉटरप्रूफ' हा शब्द वाचून आकडा न बघणं

खोक्यावरचा 'आयपी' आकडा बड पाणी आणि धूळ किती सोसतो ते सांगतो. आयपीएक्स४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारे शिंतोडे. आयपीएक्स५ म्हणजे नळीतून येणारी पाण्याची धार. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं. मधल्या 'एक्स'चा अर्थ धुळीची चाचणी जाहीर केलेली नाही. आयपी५५ मधला पहिला ५ धुळीपासूनचं संरक्षण सांगतो. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याने जाणाऱ्याला तो महत्त्वाचा. कोकणातला जुलै अंगावर घेणाऱ्याने आयपी५५ च्या खाली जाऊ नये.

आता यातली मेख. या सगळ्या चाचण्या साध्या पाण्याने होतात. घामात मीठ असतं, आणि मीठ चार्जिंगच्या सोनेरी ठिपक्यांना खातं. घामेजले बड तसेच चार्जिंगच्या डबीत टाकून झाकण लावलं की तो ओलावा ठिपक्यांवरच अडकतो. शिवाय बऱ्याच बडच्या डबीला कुठलंच रेटिंग नसतं. पावसाळी जर्सीच्या खिशात डबी ठेवायची तर झिप-लॉक पिशवीत. राइड संपल्यावर बड मऊ कोरड्या कापडाने पुसा, पंधरा-वीस मिनिटं उघड्यावर ठेवा, मगच डबीत.

चूक ५: हेल्मेट आणि चष्म्याशिवाय ट्रायल घेणं

कानाच्या मागे आधीच गर्दी असते: हेल्मेटचे दोन पट्टे, चष्म्याची काडी, कुणाला श्रवणयंत्र. त्यात आकडेवाला बड आला की काहीतरी वर सरकतं. क्रम पाळा. आधी बड, मग हेल्मेट, शेवटी चष्मा, काड्या पट्ट्यांच्या बाहेरून. हेल्मेटच्या पट्ट्यांचा इंग्रजी 'वाय'सारखा जोड कानाच्या पाळीच्या अगदी खाली यायला हवा. तो वर असेल तर पट्टा बडवर घासतो, आणि दोष बडला लागतो. मानेमागून जाणारी पट्टी असलेले हेडफोन घेताना हेल्मेट घालून मान पूर्ण मागे टाका आणि डावी-उजवीकडे वळून बघा. हेल्मेट घट्ट करायच्या मागच्या फिरकीला किंवा रेनकोटच्या कॉलरला पट्टी टेकली की दर वळणावर हेडफोन उचलला जातो.

टचपॅडपेक्षा खरं दाबायचं बटण सायकलवर कधीही सरस. घामाचा ओघळ, पावसाचा थेंब, ग्लोव्ह्जचं बोट यांतलं टचपॅडला काय समजेल नेम नाही. टचवाले आधीच घेतले असतील तर ॲपमधून एक टॅप बंद करा, दोन टॅप आणि तीन टॅप तेवढे ठेवा.

मध्येच आवाज तुटतो, तेव्हा

घरात नीट चालणारे बड मोकळ्या रस्त्यावर तुटायला लागले की बहुतेक जण बड बिघडले असं समजतात. कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि पाण्याने भरलेलं शरीर या लहरी शोषतं. घरात त्या भिंतींवर आपटून वळसा घालून कानापर्यंत पोचतात, मोकळ्या रस्त्यावर परत फिरवायला भिंतच नसते. जर्सीच्या मागच्या खिशात फोन म्हणजे मध्ये अख्खं धड. फोन टॉप-ट्यूबवरच्या (सीटपासून हँडलकडे जाणारी वरची नळी) पिशवीत किंवा हँडलवर आणा, अर्धी तक्रार तिथेच संपते. खिशातच ठेवायचा असेल तर बाजू बदलून बघा.

तरी तुटत असेल तर कोडेक, म्हणजे ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायची पद्धत, बघा. एलडॅक हा कोडेक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत डेटा पाठवतो. घरात छान, रस्त्यावर नाजूक. त्याला 'कनेक्शनला प्राधान्य' वर टाका किंवा सरळ एएसी हा कमी डेटाचा कोडेक निवडा. वाऱ्यात तो फरक कुणाच्या बापाला ऐकू येणार नाही. आणि मल्टिपॉइंट (एकाच वेळी दोन उपकरणांना जोडलेलं राहण्याची सोय) बंद करा. घरी उघडा राहिलेला लॅपटॉप निघताना कनेक्शन ओढून घेतो.

एकाच बाजूचा आवाज कमी, किंवा एकच बड चार्ज होतो

एका बाजूचा आवाज हळूहळू कमी होत गेला असेल तर आवाज बाहेर येतो त्या जाळीत मळ अडकलाय. टोक काढा, जाळीचं तोंड जमिनीकडे धरा आणि कोरड्या मऊ टूथब्रशने हलके झाडा. टाचणी घालू नका, जाळी फाटते. ओला बोळा तर मुळीच नाही, मळ विरघळून आत जातो.

एक बड चार्जच होत नसेल तर ठिपक्यांवर मिठाचा थर आहे का बघा. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब घेऊन बडचे ठिपके आणि डबीतल्या पिना पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. तरी नाही झालं तर फोनमधून जोडणी पुसून बड डबीत ठेवा आणि रीसेटचं बटण मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढा वेळ दाबा, साधारण दहा-पंधरा सेकंद. त्यानंतरही एक बड गप्प असेल तर तो सर्व्हिस सेंटरला द्यायचा.

बॅटरीचा आकडा

खोक्यावरचे '४० तास' डबीसकट असतात. एका चार्जवर बड किती चालतो ते बारीक अक्षरात असतं, तेही साधारण निम्म्या आवाजाला. २०० किलोमीटरच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) वेळेची मर्यादा साडेतेरा तास आहे. एवढा वेळ एका चार्जवर फारच थोडे उघडे हेडफोन टिकतात. बोन कंडक्शनला डबी नसते, म्हणून दहा मिनिटांच्या चार्जवर किती चालतं ते विचारा. काही मॉडेलना खास चुंबकाची केबल लागते. ती घरी राहिली की चहाच्या टपरीवर कुणाकडे मिळणार नाही, म्हणून शक्यतो यूएसबी-सी घ्या. डबी किंवा हेडफोन उन्हात हँडलबारच्या काळ्या पिशवीत ठेवून चार्जिंगला लावू नका. ४५ अंशांच्या वर लिथियमची बॅटरी चार्ज करणं तिच्या आयुष्याला मारक आहे.

एकाच कानात घालायचं ठरवलं तर

भारतात आपण डावीकडून चालतो, ओलांडणारं वाहन उजवीकडून येतं. म्हणून बड डाव्या कानात, उजवा मोकळा. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा, नाहीतर एका बाजूचं वाद्य किंवा कोरस गायब होतो. पण आवाज कुठून आला हे मेंदू दोन्ही कानांतल्या फरकावरून ठरवतो, एक कान बुजला की दिशा चुकते. त्यामुळे दोन्ही उघडे कान आणि हळू आवाज, हेच आम्ही सुचवू.

परदेशी सायकल चालवणाऱ्यांनी आधी तिथला नियम बघावा. फ्रान्समध्ये २०१५ च्या जुलैपासून सायकलवर कानात इअरफोन घालायला बंदी आहे आणि दंड १३५ युरो. स्पर्धांचं वेगळंच: आयर्नमॅन या पोहणे-सायकल-धावणे स्पर्धेच्या नियमांत हेडफोनला थारा नाही, तिच्या गोव्यातल्या ७०.३ (एकूण ७०.३ मैलांची) शर्यतीला उतरणाऱ्यांनी सरावातही काही लांब राइड बिनसंगीताच्या ठेवलेल्या बऱ्या.

परत करायच्या मुदतीत काय तपासायचं

ऑनलाइन घेतलेल्या बडला बहुतेक वेळा परतीची मुदत थोडीच असते, आणि कानाला लागलेली वस्तू परत घेत नाहीत असंही अटींत असू शकतं, ते ऑर्डरआधी वाचा. मुदतीत तीन गोष्टी करा. हेल्मेट-चष्म्यासकट अर्धा तास खड्ड्यांच्या रस्त्यावर न्या. फोन नेहमीच्या खिशात ठेवून मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटं जा. आणि जबडा पूर्ण उघडून, मान झटकून बघा. बड जागचा हलला तर दुसऱ्या मापाचं टोक लावा, तरी हलला तर परत करा. एकच बड वेगळा विकत मिळतो का हेही आधीच विचारून ठेवा, कारण कात्रजच्या उतारावर निसटलेला बड शोधायला मधल्या रस्त्यात थांबता येत नाही.